माळ्याची झडप आणि कागदांची फाईल

इंग्लंडमध्ये घर विकायला किंवा भाड्याने द्यायला काढायचे असेल, तर त्याआधी एनर्जी परफॉर्मन्स सर्टिफिकेट, म्हणजेच ईपीसी, मागवावे लागते. २००७ पासून टप्प्याटप्प्याने लागू झालेले हे प्रमाणपत्र, घराला ऊर्जा किती कमी लागते यावरून, त्याला ए (सर्वांत चांगली) ते जी (सर्वांत वाईट) अशी श्रेणी देते आणि दहा वर्षे चालते. आपल्या घराचे जुने प्रमाणपत्र अजून वैध आहे का, हे सरकारी संकेतस्थळावर आधी पाहावे. नसेल, तर तिथेच पोस्टकोड टाकून परिसरातले मान्यताप्राप्त निरीक्षक शोधता येतात. शुल्क सरकारने ठरवून दिलेले नाही, त्यामुळे दोन-तीन ठिकाणी चौकशी केलेली बरी.

ठरलेल्या दिवशी आलेला निरीक्षक बाहेरच्या भिंतीवरच्या विटांची मांडणी निरखतो. सगळ्या विटा लांबीने बसवलेल्या दिसल्या, तर भिंत बहुधा दुपदरी आणि मध्ये पोकळ असते. मात्र लांब विटांच्या अधूनमधून आखूड टोके डोकावत असतील, तर ती भरीव, आणि अशा भिंतींतून हिवाळ्यात घराची ऊब भराभर निघून जाते. आत तो खोल्यांची मापे घेतो, घर तापवणाऱ्या बॉयलरचे मॉडेल टिपून घेतो, खिडक्यांच्या काचा आणि दिवे पाहतो, आणि छताखालच्या माळ्यावर चढून इन्सुलेशनच्या, म्हणजे ऊब धरून ठेवणाऱ्या, थराची जाडी पट्टीने मोजतो. तिथे २७० मिलिमीटरचा थर असावा, अशी शिफारस आहे. पण माळ्यावर चढायच्या झडपेखालीच कपाट उभे असेल, तर ही मोजणी होणार कशी?

निरीक्षक भिंत फोडून पाहत नाही आणि घरमालकाचा तोंडी शब्दही धरत नाही. प्लास्टरआड दडलेल्या इन्सुलेशनची पावती किंवा हमीपत्र दाखवता आले नाही, तर घराच्या बांधकामाच्या काळावरून अंदाज बांधला जातो आणि केलेला खर्च श्रेणीत उमटतच नाही. हे अन्यायाचे वाटते खरे, पण पुराव्याचा आग्रह सोडला तर प्रमाणपत्राला अर्थ उरणार नाही. म्हणून वेळ ठरवतानाच कागद शोधायला घ्यावेत.

एप्रिल २०२० पासून, नोंदवलेली सूट नसेल, तर एफ किंवा जी श्रेणीचे घर भाड्याने देता येत नाही. तिकडे नोकरीसाठी जाऊन घर शोधणाऱ्या मराठी कुटुंबांनीही ही श्रेणी आधी पाहावी. ती ठराविक वापर गृहीत धरून काढलेली असते, त्यामुळे प्रत्यक्ष बिल वेगळे येऊ शकते. प्रमाणपत्रातला तपशील चुकला असेल, तर आधी निरीक्षकाकडे आणि तिथे दाद लागली नाही, तर त्याला मान्यता देणाऱ्या संस्थेकडे तक्रार करता येते.