गॅस खाली उतरतो

आपण ज्याला नुसते ‘गॅस’ म्हणतो तो प्रोपेन आणि ब्यूटेन यांच्या मिश्रणाचा असतो आणि घरगुती सिलिंडरमध्ये तो दाबाखाली द्रवरूपात १४.२ किलो भरलेला असतो. प्रोपेन हवेच्या सुमारे दीडपट आणि ब्यूटेन दुप्पट जड असल्यामुळे गळालेला गॅस धुरासारखा वर जात नाही, तर सांडलेल्या पाण्यासारखा फरशीवर पसरतो. जुन्या नाशकातल्या वाड्यांत तो उताराने मोरीकडे सरकतो. गंगापूर रोडवरच्या फ्लॅटमध्ये मोरी नसली, तरी सिलिंडर ओट्याखालच्या कपाटात असतो आणि कपाटाच्या दाराला तळाशी जाळी नसेल, तर गॅस तिथेच साठत राहतो. फर्निचरवाल्याला जाळी दिसायला बरी वाटत नाही, हे मला ठाऊक आहे. तरीही ती बसवून घ्या.

हवेच्या शंभर भागांत गॅस साधारण दोन भाग झाला की एक ठिणगी पुरते. म्हणूनच मुळात वास नसलेल्या या गॅसमध्ये उग्र वासाचे मर्कॅप्टन मिसळतात. वास आला की बहुतेकांचा हात आधी एक्झॉस्ट फॅनच्या बटणाकडे जातो आणि नेमके तेच करायचे नसते, कारण बटण लावताना किंवा बंद करतानाही ठिणगी पडू शकते, शिवाय छताजवळचा पंखा फरशीवरचा गॅस काय ओढणार? शेगडीवर काही पेटते असेल तर ते विझवा, रेग्युलेटर बंद करा, दारे सताड उघडा (खिडकीपेक्षा दार बरे, कारण ते जमिनीपर्यंत असते), सगळ्यांना घेऊन बाहेर पडा आणि मोकळ्यावर येऊन १९०६ या क्रमांकावर फोन करा.

गळती शोधायला काडी ओढून पाहणारी माणसे अजून आहेत. त्याऐवजी वाटीभर पाण्यात भांड्यांचा साबण फेसाळून घ्या आणि शेगडीची बटणे बंद, पण रेग्युलेटर चालू ठेवून, तो फेस नळीच्या दोन्ही टोकांना व रेग्युलेटरभोवती ब्रशने लावा. माझ्या घरी नळी ठणठणीत निघाली, पण सिलिंडरच्या व्हॉल्व्हच्या तोंडाशी मोहरीएवढा फुगा फुगत होता, फुटत होता आणि पुन्हा फुगत होता. आतली रबरी चकती चिरलेली होती.

नळी पाच वर्षांनी बदलावी. सिलिंडर घेताना कड्याखालच्या पट्टीवरची चाचणीची मुदतही वाचावी: ‘सी २८’ म्हणजे सप्टेंबर २०२८ अखेर.

गॅस गिझरचे मात्र वेगळे आहे. नाशिकच्या थंडीत न्हाणीघराची खिडकी घट्ट लावून घेतली की ज्योतीला हवा अपुरी पडते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नसतो, त्यामुळे माणूस सावध होण्याआधीच बेशुद्ध पडतो. गिझर न्हाणीघराबाहेर, मोकळ्या हवेत बसवावा आणि आत फक्त गरम पाण्याचा पाइप न्यावा.