बाटली लावली का?

रात्रीचे अडीच वाजलेत. तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात लेबर रूमबाहेरच्या बाकड्यावर सासूबाई बसल्यात, मांडीवर थर्मास आणि शिऱ्याचा डबा, आणि दर दहा मिनिटांनी सिस्टरला एकच प्रश्न, "अहो बाई, बाटली लावली का? पोरीच्या अंगात त्राण नाही राहिलं हो."

लावलीये. पहिलटकरीण आहे, हाताला हिरवी इंट्राकॅथ, म्हणजे शिरेत घालून ठेवायची सुई-नळी, हिरवी म्हणजे 18 नंबरची, जरा जाडच, कारण बाळंत झाल्यावर रक्त जायला लागलं तर शीर शोधत बसायला वेळ नसतो. सुईबद्दल कोणाचं भांडण नाही, प्रश्न आहे वर टांगलेल्या बाटलीचा.

आपल्याकडे टांगलेली प्रत्येक बाटली म्हणजे ग्लुकोज, ताकदीची. पण लेबल वाचा ना, आरएल लिहिलंय, रिंगर लॅक्टेट, म्हणजे पाणी आणि क्षार, साखर त्यात नाहीच. आणि समजा खरंच 5 टक्के ग्लुकोज असलं तरी 500 मिलीत 25 ग्रॅम साखर, शंभरच्या आतबाहेर कॅलरी, म्हणजे एक केळं. 20 थेंबांचा एक मिली, मिनिटाला 40 थेंब धरले तर हे केळं पोटात, सॉरी, शिरेत जायला चार तास लागतात. सासूबाईंच्या डब्यातला शिरा कधीही भारी.

मग डबा आत का जात नाही?

त्याचं मूळ न्यूयॉर्कमध्ये आहे. कर्टिस मेंडेलसन नावाच्या डॉक्टरांनी तिथल्या लाइंग-इन हॉस्पिटलची 1932 ते 1945 ची 44,016 बाळंतपणं तपासली, त्यात भूल दिल्यावर पोटातलं फुफ्फुसात गेल्याच्या 66 केसेस निघाल्या, दोघी दगावल्या. 1946 साली हे छापून आलं आणि कळा सुरू झाल्या की तोंड बंद ही पद्धत जगभर पसरली, आणि उपाशी बाईला सलाईन. पण तेव्हाची भूल म्हणजे तोंडावर मास्क धरून इथर नाहीतर गॅस. आज सिझेरियन बहुतेक वेळा पाठीत इंजेक्शन देऊन होतं. 2018 मध्ये डब्ल्यूएचओने सरळ सांगितलं की धोका कमी असेल तर बाईला खाऊ-पिऊ द्या, आणि बाळंतपण लवकर उरकावं म्हणून सलाईन लावू नका. सिझेरियनची शक्यता दिसत असेल तर गोष्ट वेगळी, ते डॉक्टर ठरवतील.

आणि 'लावली तर बिघडतंय काय' असंही नाही. ग्लुकोज जास्त गेलं की साखर वारेतून, म्हणजे प्लॅसेंटातून, बाळाकडे जाते, बाळ इन्सुलिन वाढवतं, नाळ कापली की बाहेरची साखर बंद आणि इन्सुलिन मात्र तसंच, मग बाळाची साखर खाली. त्यात कळांचं औषध, ऑक्सिटोसिन, बऱ्याचदा याच बाटलीतून जातं आणि ते शरीराला पाणी धरून ठेवायला लावतं, नुसतं ग्लुकोजचं पाणी भरपूर गेलं तर रक्तातलं सोडियम घसरतं, आईचं आणि बाळाचंही.

पाच वाजून वीस मिनिटं. मुलगी. काट्यावर 3 किलो 100.

दुसऱ्या दिवशी 2 किलो 900, आणि वॉर्डात कुजबुज सुरू, दूध पुरत नाही वाटतं, वरचं दूध आणा. आता रात्रभर आईच्या अंगात दोन-तीन बाटल्या गेल्या असतील तर त्यातलं थोडं पाणी बाळाच्याही अंगात साठतं, जन्माचं वजन तेवढं फुगतं आणि पहिल्या दिवशी ते पाणी लघवीवाटे निघून जातं. घट दिसते ती काही सगळी भुकेची नसते, पण हे वॉर्डात सांगायला कोणाला वेळ असतो.

सासूबाईंनी पावडरच्या डब्यासाठी मुलाला मेडिकलमध्ये पिटाळलंच होतं. सिस्टरने त्याला दारातच अडवलं, "थांबा हो. लंगोट किती ओले झाले, ते सांगा आधी."

"चार झाले की," सासूबाई म्हणाल्या, "आणि हा पाचवा."