केसाएवढी फिल्म आणि मुगाएवढं ग्रीस

मंडळी, लेझर प्रिंटरच्या फ्यूजरमधली, म्हणजे छपाई तापवून पक्की करणाऱ्या भागातली, ही तपकिरी नळी पहिल्या रांगेपासून मागे पाठवतोय. हलक्या हाताने धरा, चेपली की कामातून गेली. आमच्या धंद्यात हिला सरसकट 'टेफलॉन' म्हणतात. 'टेफलॉन फाटलंय, बदलावं लागेल' हे वाक्य ज्याच्याकडे लेझर प्रिंटर आहे त्याने कधी ना कधी ऐकलेलं असतं, आणि पाठोपाठ बिलही बघितलेलं असतं. खरं तर ही नळी म्हणजे पॉलिइमाइड नावाच्या उष्णता सोसणाऱ्या प्लॅस्टिकची फिल्म आहे. जाडी साधारण केसाएवढी. टेफलॉनच्या जातीचा थर फक्त बाहेरून आहे, तोही अगदी पातळ.

लेझर प्रिंटरमध्ये शाई नसते. टोनर म्हणजे प्लॅस्टिकची बारीक पूड. ती कागदावर येते विजेच्या भाराने, आणि तेवढ्यावरच टिकलेली असते. फ्यूजरच्या अलीकडे अडकलेला कागद ओढून काढला तर अक्षरं बोटाने पुसली जातात, हे तुमच्यापैकी अनेकांनी शर्टाची बाही काळी करून अनुभवलं असेल. ती पूड वितळवून कागदात दाबून बसवायची, हे फ्यूजरचं काम. तापमान १८० ते २०० अंशांच्या आसपास.

चेस्टर कार्लसनने २२ ऑक्टोबर १९३८ला न्यूयॉर्कमधल्या अ‍ॅस्टोरियात पहिली झेरॉक्स काढली, तेव्हाही शेवटची पायरी हीच होती : मेणकागदावर पूड घ्यायची आणि कागद तापवायचा. गंमत म्हणजे टेफलॉनचा शोधही त्याच वर्षीचा. एप्रिलमध्ये ड्यूपाँटच्या प्रयोगशाळेत रॉय प्लंकेटला गॅसच्या नळकांड्यात ती पांढरी पूड सापडली. पुढे १९५९मध्ये झेरॉक्स ९१४ बाजारात आलं. त्यात कागद पेटायचा धोका इतका खरा होता की मशीनबरोबर आग विझवायचं नळकांडं देत. नाव मात्र सभ्य ठेवलं होतं, 'करप-निवारक' अशा अर्थाचं.

पूर्वीचा फ्यूजर म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचा पोकळ रूळ, आत हॅलोजनचा दिवा, खाली रबराचा प्रेशर रोलर. दणकट काम. पण एवढा धातू तापायचा म्हणजे वेळ जाणार, आणि तो गरम ठेवायचा म्हणजे दिवसभर वीज जळणार. यावर कॅननने फिल्मचा उपाय आणला. रूळच काढून टाकला. त्याच्या जागी सिरॅमिकची एक पट्टी, तिच्यावर तापणारी रेघ, रेघेवर काचेचा थर. पट्टी जागेवरून हलत नाही. तिच्याभोवती ही नळी फिरते. तापवायचं वस्तुमानच इतकं कमी की काही सेकंदांत काम सुरू.

म्हणजे वीज वाचली, वेळ वाचला, पण घर्षण अंगावर घेतलं. रूळ बुशमध्ये, म्हणजे टोकांच्या गुळगुळीत कड्यांत, फिरत होता, ही नळी गरम काचेवर घासत जाते. जरा हिशोब करू. ए-फोर कागद सुमारे ३० सेंटीमीटर लांब. एक लाख पानं झाली की फिल्म त्या काचेवरून ३० किलोमीटर घासलेली असते. वारीत पुण्याहून निघून दिवे घाट चढून सासवड गाठावं, साधारण तेवढं. आणि हे सगळं चालणं एका बाजूने दाब आणि दुसऱ्या बाजूला २०० अंशांची काच असताना.

आता खरी मेख. या नळीला मोटर नाही. मोटर प्रेशर रोलरला. रोलर कागदाला पुढे ढकलतो आणि कागद फिल्मला आपल्याबरोबर ओढतो. म्हणजे फिल्म फिरते तीच मुळी घर्षणामुळे! बाहेरचं घर्षण हवं, आतलं नको. त्यात बाहेरची बाजू मुद्दाम निसरडी केलेली, नाहीतर वितळलेला टोनर तिलाच चिकटेल. तेव्हा बाहेरची पकड आधीच बेताची. आतलं घर्षण तिच्याहून वाढलं की फिल्म अडते, कागद तिच्याखालून सरकतो आणि अक्षरं पसरतात. दुरुस्ती करणारा पोरगा टोनर बदलतो, ड्रम बदलतो, आणि दोष तसाच राहतो.

आतलं घर्षण आवरतं ते ग्रीस. साधं नव्हे. फ्लोरिनयुक्त तेलात टेफलॉनची पूड घोटलेलं पांढरं ग्रीस, वजनावर भाव विचारलात तर सोनाराच्या दुकानात आल्यासारखं वाटतं. मी या धंद्यात नवा असताना ते महाग म्हणून गाडीच्या बेअरिंगचं पिवळं ग्रीस भरलं होतं. कोर्टाजवळच्या एका झेरॉक्सवाल्याचं मशीन. संध्याकाळपर्यंत उत्तम चाललं. लिथियमचं ते ग्रीस १९० अंशांच्या आसपास पाणी होतं, हे मला आठ दिवसांनी कळलं. तेल कडेने बाहेर गळून रोलरवर आलं होतं, म्हणजे जिथे पकड हवी तिथेच वंगण! आत उरलेलं जळून काळी पुटं धरलेली, आणि त्या पुटांनी नळी एका कडेपासून चिरत नेलेली. नवी फिल्म माझ्या खिशातून गेली.

चांगलं ग्रीससुद्धा कायम टिकत नाही. तेल हळूहळू निसटतं, पूड मागे राहते, फिल्मचा झिजलेला भुगा तिच्यात मिसळतो आणि करड्या रंगाची लुगदी होते. सकाळी पहिल्या पानाला 'चुंई' असा आवाज येतो तो बहुतेक तिचा. थंड ग्रीस घट्ट असतं, जोर जास्त लागतो. दहा पानांनी आवाज गेला म्हणून खूश होऊ नका.

ही लुगदी थिनरने निघत नाही. हे तेल नेहमीच्या कुठल्याच द्रावकात विरघळत नाही. प्लग काढून, फ्यूजर पूर्ण थंड करून, कोरड्या मऊ कापडाने पुसायची. मग हीटरच्या, म्हणजे त्या सिरॅमिक पट्टीच्या, लांबीभर नवं ग्रीस, एकूण मुगाच्या तीन-चार दाण्यांएवढं. घावनं काढताना नारळाच्या शेंडीने तव्याला तेल लावतात ना, तसा हात फिरवायचा. भरायचं नाही, पुसून घ्यायचं. आणि हो, हात धुतल्याशिवाय विडी-सिगारेट पेटवू नका. टेफलॉनचा कण निखाऱ्यावर जळून धूर छातीत गेला की रात्री थंडी वाजून ताप भरतो.

कारखान्यातही झीज कमी करण्याचे उपाय बरेच झाले. फिल्मला आतून आधार देणाऱ्या भागावर बारीक उंचवटे ठेवले, म्हणजे टेकणारी जागा कमी. मोठ्या रंगीत मशीनमध्ये पट्टा स्थिर गादीवरून घसरतो, तिथे मध्ये टेफलॉन चढवलेलं कापड घालतात. त्याच्या खळग्यांत तेल साठून राहतं. पण मला विचाराल तर निम्म्या फिल्म घासून मरतच नाहीत. दाबाची स्प्रिंग एका बाजूला सैल पडते, नळी सरकत जाते आणि टोकाच्या टोपीवर कड घासून चिरते. किंवा कोणीतरी पिन न काढता कागद घालतं.

पावसाळ्यात त्रास का वाढतो हे विचारलंत, बरं झालं. दमट कागद फ्यूजरमध्ये गेला की वाफ धरतो, आणि त्या वाफेने कागद नि रोलर यांच्यातली पकड सुटते. कोकणातल्या गिऱ्हाइकांचे फोन जुलैत वाढतात ते उगाच नाही. रीम फोडली की उरलेला गठ्ठा प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवा.

मागून कोणीतरी पाकिटं छापण्याचं विचारलं. अरुंद पाकीट मधूनच जातं. कडेची उष्णता न्यायला तिथे कागदच नसतो, म्हणून दोन्ही टोकं जास्त तापतात, ग्रीस तिथलं आधी वाळतं. शंभर पाकिटं छापायची असतील तर वीस-वीसच्या टप्प्याने छापा, मध्ये चहा घ्या. ती नळी कुठवर पोहोचली? हां, ताई, परत पुढे पाठवा. उद्या एका मशीनमध्ये बसवायची आहे.