कोजागिरीच्या संध्याकाळी डोक्यावरून गेलेला स्फोट

मंडळी, ९ ऑक्टोबर २०२२, रविवार होता आणि त्या दिवशी कोजागिरी होती, म्हणजे घरोघरी दूध आटवायची तयारी चालू असणार. संध्याकाळी ६ वाजून ४७ मिनिटांनी गॅमा किरणांचा एक लोंढा पृथ्वीवर येऊन आदळला, आणि गंमत म्हणजे तो ज्या दिशेनं आला ती दिशा त्या क्षणी आपल्या डोक्यावरच होती. गणित करून बघा, अरबी समुद्रात डहाणूच्या पश्चिमेला दीड-दोनशे किलोमीटरवर एखादा मच्छीमार असेल तर त्याच्या बरोब्बर माथ्यावर, आणि पुण्यात उभं राहिलात तर माथ्यापासून जेमतेम तीन अंश बाजूला. गरुड आणि हंस यांच्या मधे शर नावाचं एक छोटंसं नक्षत्र आहे ना, तिथून. कुणाला काही दिसलं नाही, कारण गॅमा किरण वातावरणात वरच्या वरच अडतात, आणि अडतात ते बरंच आहे.

त्याचं नाव जीआरबी २२१००९ए. आजवर नोंदलेल्या गॅमा-किरण स्फोटांमधला, म्हणजे तारा मरताना होणाऱ्या अशा स्फोटांमधला, सगळ्यात प्रखर. असे स्फोट पहिल्यांदा सापडले तेही चोरून अणुचाचण्या कोण करतंय हे बघायला सोडलेल्या अमेरिकेच्या वेला उपग्रहांना, १९६७ मधे, आणि जगाला सांगितलं १९७३ ला, पण तो इतिहास बहुतेकांनी ऐकलेला असतो म्हणून त्यात शिरत नाही. मला आज बोलायचंय ते वेगळ्याच गोष्टीवर. सगळ्यात प्रखर स्फोट आला आणि तो मोजायला जी मोठमोठी यंत्रं वर ठेवली होती नेमकी तीच गडबडली, त्याचं काय करायचं?

आधी काय झालं ते सांगतो. नासाच्या फर्मी उपग्रहावर १२ छोटे आणि २ जाड डिटेक्टर वेगवेगळ्या दिशांना तोंड करून बसवलेत, पृथ्वीनं झाकलेला भाग सोडला तर सगळं आकाश त्यांच्या नजरेत असतं. ६:४७ ला त्यांना एक साधारणसा झटका दिसला. त्यानंतर जवळजवळ तीन मिनिटं फारसं काही नाही. आणि मग जो काही आला! मिनिटभर डिटेक्टरना श्वास घ्यायला फुरसत नाही.

स्विफ्ट नावाचा दुसरा उपग्रह, २००४ पासून हेच काम करतोय, तो त्या वेळी अशा जागी होता की मधे पृथ्वी आडवी. ५३ मिनिटांनी ती जागा त्याला दिसली तेव्हा मूळ स्फोट कधीच संपलेला, नुसता मागे राहिलेला उजेड होता, पण तो उजेडच इतका की स्विफ्टचा अलार्म वाजला. आणि जागा आकाशगंगेच्या पट्ट्याजवळ असल्यामुळे आधी वाटलं की हे काहीतरी आपल्याच आकाशगंगेतलं आहे. मग फर्मीची दिशा आणि स्विफ्टची दिशा जुळतेय हे लक्षात आलं, चिलीतल्या व्हीएलटी दुर्बिणीनं रेडशिफ्ट (विश्व पसरल्यामुळे प्रकाश लाल बाजूला किती सरकला ते) काढला ०.१५१, म्हणजे प्रकाश निघाला त्याला साधारण १९० कोटी वर्षं झालेली. आपल्या सह्याद्रीचा काळा दगड साडेसहा कोटी वर्षांचा, त्यावरून काय ते समजा. तरी गॅमा-किरण स्फोटांच्या हिशोबात हे जवळचंच म्हणायचं.

आता डिटेक्टर गडबडला म्हणजे काय, जळला का? नाही. संध्याकाळी दादर स्टेशनच्या पुलावर तुम्हाला वही देऊन उभं केलं आणि सांगितलं प्रत्येक माणूस मोज आणि त्याचं वजनही अंदाजे लिही. दुपारी जमेल. सात वाजता दोन माणसं एकदम चिकटून आली की तुम्ही एकच जाडा माणूस लिहिणार, आणि तो लिहीपर्यंत पाच जण निसटून गेलेले. फर्मीचं तेच झालं, फोटॉन म्हणजे किरणांचे कण एकमेकांवर चढले, आकडे कमी आले आणि ऊर्जा चुकीची लागली. म्हणजे ज्या मिनिटाचं मोजमाप सगळ्यात जास्त हवं होतं तेच भरवशाचं नाही. मोठा, संवेदनशील डिटेक्टर हा एरवी फायदा, त्या दिवशी तोच तोटा.

मग कामाला आलं कोण? जीआरबीअल्फा म्हणून एक क्यूबसॅट होता, हंगेरी, स्लोव्हाकिया, चेकिया आणि जपानच्या लोकांनी मिळून केलेला. दहा सेंटिमीटरचा ठोकळा, हातात मावेल एवढा. आत सीझियम आयोडाइडची एक चौकोनी चकती, साडेसात सेंटिमीटर बाजू आणि जाडी पाच मिलिमीटर. एवढीशी असल्यामुळे तिच्यावर फोटॉन कमी पडले, ती तुंबली नाही आणि स्फोटाच्या शिखराचा आकडा तिनं नीट दिला! कोट्यवधी डॉलरची यंत्रं बाजूला आणि डब्याएवढा उपग्रह पुढे, मला तर हे वाचून भारीच वाटलं होतं. चीनचा जीकॅम-सी हा डिटेक्टर पण तेव्हा एका वेगळ्या मोडमधे चालू होता म्हणून वाचला, त्याच्या आणि इनसाइट-एचएक्सएमटी या चिनी उपग्रहाच्या आकड्यांवरून एकूण ऊर्जा काढता आली, सगळ्या दिशांना सारखीच फेकली असं धरलं तर साधारण १ वर ५५ शून्यं एवढे अर्ग (ऊर्जेचं एक छोटं एकक). प्रत्यक्षात ती एका अरुंद झोतात निघते, आपण झोताच्या समोर होतो म्हणून एवढी प्रखर दिसली.

आणि एक डिटेक्टर तर कुणी बसवलेलाच नव्हता, आपलं आयनोस्फिअर, म्हणजे वातावरणाचा वरचा विद्युतभारित थर. तिथले अणू या किरणांनी इतके आयनित झाले की कमी फ्रिक्वेन्सीच्या रेडिओ सिग्नलमधे सौरज्वाळेसारखा फरक पडला, भारतातले विजा टिपणारे डिटेक्टरसुद्धा वाजले, आणि ५०० किलोमीटरवरच्या सीएसईएस उपग्रहाला विद्युतक्षेत्रात बदल सापडला. जवळजवळ दोनशे कोटी वर्षांपूर्वीच्या एका ताऱ्याचा मृत्यू आपल्या हवेत नोंदला जातो, हे पटायला वेळ लागतो.

आपल्याकडच्या लडाखमधल्या हानले इथल्या ७० सेंटिमीटरच्या ग्रोथ-इंडिया दुर्बिणीनंही, जी आयआयटी मुंबई आणि बंगळूरची भारतीय तारा भौतिकी संस्था मिळून चालवतात, नंतरचा मावळता उजेड टिपला.

पेपरात तेव्हा हेडलाइन आली, ‘दहा हजार वर्षांतून एकदा’. तो आकडा मधल्या पाच दशकांत दिसलेले स्फोट मांडून, अशी प्रखरता किती विरळ असेल याचा काढलेला अंदाज आहे, म्हणजे पुढचा १२०२२ ला येणार असं कुणी समजू नका, उद्याही येऊ शकतो.

शेवटी एकच सांगून थांबतो, कारण ते मला स्वतःला सगळ्यात आवडतं. शिखराच्या वेळचे सौम्य, म्हणजे कमी ऊर्जेचे, एक्स-किरण कुणीच थेट मोजले नव्हते. पण स्फोटाच्या काही दिवसांनी युरोपच्या एक्सएमएम-न्यूटन या एक्स-किरण दुर्बिणीनं त्या जागेकडे पाहिलं तर स्फोटाभोवती एकात एक २० कडी दिसली. आपल्या आकाशगंगेतल्या धुळीच्या ढगांवर आपटून जरा लांबचा रस्ता घेतलेले एक्स-किरण उशिरा पोचत होते. सगळ्यात जवळचा ढग हजारेक प्रकाशवर्षांवर, सगळ्यात लांबचा साठ हजारांच्या वर. कडी किती उजळ आहेत यावरून उलटं गणित करून मूळ सौम्य एक्स-किरण किती असतील ते लोकांनी काढलं. आता कुणाला काही विचारायचं असेल तर विचारा.