सुंतेनंतर मूल घरी आल्यावर

श्रोतेहो, नमस्कार. मे महिना लागला की आम्हा लहान मुलांच्या सर्जन मंडळींकडे सुंतेची गर्दी होते. शाळेला सुट्टी असते, मुंबईची माणसं गावी आलेली असतात. रायगडातल्या बेने इस्राएल म्हणजे ज्यू घरांत हे जन्मानंतर आठव्या दिवशीच उरकतं, मुसलमान घरांत पाच-सात वर्षांपर्यंत केव्हाही. काही मुलांची सुंता पुढची कातडी मागे सरत नाही म्हणूनही होते. आता विषय निघालाच आहे तर सांगतो, दोन-तीन वर्षांच्या मुलाची कातडी मागे सरत नसेल तर तो बहुधा आजार नसतोच. ती ओढू नका आणि कापायची घाईही करू नका. पुष्कळांचं नुसत्या मलमावर भागतं. असं बोललं की आमच्यातलेच काही जण रागावतात. रागावोत.

तर, ऑपरेशनच्या वेळी दिलेल्या बधिरीच्या इंजेक्शनचा असर काही तास राहतो. पोरगं हसत घरी येतं, आइस्क्रीम मागतं. आईला वाटतं, याला काही दुखत नाहीये. औषधाची बाटली जाते फळीवर. आणि दिवेलागणीला घर डोक्यावर! म्हणून पहिला डोस बधिरी उतरायच्या आधी द्यायचा. पुन्हा सांगतो, दुखायला लागायच्या आधी. पहिले दोन दिवस घड्याळ बघून द्या, रडणं बघून नको.

औषध साधंच, पॅरासिटामॉल. वजनाच्या दर किलोला साधारण 15 मिलिग्रॅम, दोन डोसांत सहा तास, दिवसात चारच डोस. घोळ होतो तो बाटलीत. एकीच्या 5 मिलिलिटरमध्ये 120 मिलिग्रॅम असतं, दुसरीच्या 250. म्हणजे 20 किलोच्या मुलाला पहिलीतलं साडेबारा मिलिलिटर लागेल आणि दुसरीतलं फक्त सहा. लेबल वाचा, डॉक्टरांकडून मिलिलिटर लिहून घ्या आणि मापाच्या झाकणानंच द्या, आमटीच्या चमच्यानं नको. ॲस्पिरिन मुलांना अजिबात नाही. तान्ह्या बाळाचं औषध मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाहीच. त्याला अंगावर पाजा, त्यानंही दुखणं कमी होतं. मध चाटवू नका.

आता एक गोष्ट सांगतो, खरं तर तीच सांगायला आलोय. भारनियमनाचे दिवस होते. मी रत्नागिरी जिल्ह्यात एका बंदराच्या गावी नवा नवा लागलो होतो. शेजारच्या आळीतल्या सात वर्षांच्या मुलाची सुंता सकाळी मीच केली होती. संध्याकाळी त्याचे चाचा धापा टाकत आले, "डॉक्टर, पोराने सकाळपासून लघवी केली नाही. जळेल म्हणून दाबून धरलीय."

गेलो. वीज गेलेली, कंदील लावलेला, खोलीत बायकामाणसं मिळून पंधरा तरी. आणि खाटेवर पोराच्या अंगावर लुंगीचा तंबू! कापड जखमेला लागू नये म्हणून लुंगीच्या मध्यावर सुतळी बांधून वर अडकवलेली. ही आपल्याकडची जुनीच युक्ती आणि अगदी बरोबर. मी मनात म्हटलं, वा! फक्त चाचांनी ती सुतळी आढ्याला बांधायची सोडून पंख्याच्या पात्याला बांधली होती. अंधारात तेच हाताला लागलं.

मी पोराची समजूत घालतोय, दादी शपथा घालतेय, पोरगं तोंड घट्ट मिटून भिंतीकडे बघतंय. इतक्यात वीज आली.

पंख्याचं बटण चालूच होतं. सुतळी ताणली, तंबू उठला आणि लुंगी सगळ्यांच्या डोक्यांवरून गरगरा फिरायला लागली! चाचा उड्या मारून ती पकडायला बघतायत, दादी किंचाळतेय, कुणाला बटण सापडत नाही. मी पोराकडे पाहिलं. खाली पार उघडा, आणि हसून हसून लोळतोय. हसता हसता त्याची लघवी सुटली, थेट माझ्या पँटवर. "जळलं का रे?" मी विचारलं. म्हणाला, "थोडंसं. चाचा, परत फिरवा ना!"

ती पँट मी कितीतरी वर्षं टाकली नव्हती.

पण तुम्ही पंख्याच्या नादी लागू नका. लघवीला भीत असेल तर कोमट पाण्याच्या टबात बसवा आणि पाण्यातच करू द्या. पाणी भरपूर पाजा, म्हणजे लघवी पातळ होऊन कमी जळते. चड्डी आठवडाभर नको, लुंगी किंवा सैल झबलं. जखमेला कापड चिकटू नये म्हणून पेट्रोलियम जेली लावा. हळद, राख, कॉफी यांतलं काही नको. बघायला येणाऱ्या पाहुण्यांनी लुंगी वर करून बघायचीही गरज नाही. त्या पोराला लाज असते हो, आपण फार विसरतो हे.

दोन-तीन दिवसांनी पिवळसर साय धरते. तो पू नव्हे, खरवडू नका. रक्त आलं तर स्वच्छ कापडानं दहा मिनिटं दाबून धरा, मध्ये उचलून बघू नका. तरीही थांबलं नाही, बारा तास लघवीच झाली नाही, ताप चढला, लाली पोटाकडे पसरत गेली किंवा टोक काळं-निळं पडलं तर मध्यरात्र असली तरी निघा. पुन्हा सांगतो: न थांबणारं रक्त, अडलेली लघवी, ताप, पसरणारी लाली, काळं पडलेलं टोक.

वेळ संपल्याची खूण होतेय काचेपलीकडून. नमस्कार.