फोन घरातूनच येतोय

[काळा पडदा. जुन्या लँडलाइनची घंटा. तीनदा वाजते, थांबते.]

एकटी मुलगी. परक्याचं मोठं घर. पुन्हा पुन्हा वाजणारा फोन. आणि शेवटी पोलिसांचा आवाज: आम्ही फोनचा माग काढलाय, तो घरातूनच येतोय.

'व्हेन अ स्ट्रेंजर कॉल्स' या १९७९च्या चित्रपटाचा त्याच नावाने २००६ साली रिमेक आला. त्याचं सगळ्यात मोठं गुपित हेच होतं आणि ते ट्रेलरमध्येच सांगून टाकलं होतं. तरीही लोक गेले. ३ फेब्रुवारीला सिनेमा लागला. त्या रविवारी सुपर बोल होता, म्हणजे अमेरिकन फुटबॉलचा वर्षातला सगळ्यात मोठा सामना. असा शनिवार-रविवार निर्माते सहसा टाळतात. या सिनेमाने पहिल्या तीन दिवसांत अमेरिका आणि कॅनडात सुमारे २ कोटी १६ लाख डॉलरचा गल्ला जमवला आणि पहिल्या क्रमांकावर गेला. समीक्षकांनी मात्र त्याला झोडपून काढलं.

गुपित फोडूनही तिकिटं खपली, कारण ते गुपित राहिलंच नव्हतं. ही गोष्ट अमेरिकेतल्या मुलींनी सिनेमात यायच्या आधीच एकमेकींना सांगितली होती.

[संग्रहातली छायाचित्रं: उपनगरातली एकसारखी घरं, अंगणात सायकली.]

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत शहराबाहेर नवी उपनगरं उभी राहिली. आजी-आजोबा लांब, शेजार विरळ. नवरा-बायकोला संध्याकाळी बाहेर जायचं असेल, तर गल्लीतल्या पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीला तासावर पैसे देऊन घरी बोलवायचं. ती बेबीसिटर. आपल्याकडे मूल आजीकडे किंवा शेजारच्या काकूंकडे सोडायची पद्धत, त्यामुळे या कामातला एकटेपणा आपल्याला पटकन जाणवत नाही. त्या मुलीला घराची माहिती नसते. कुठलं दार नीट लागत नाही, कुठला दिवा आपोआप लागतो, जिन्यावर आवाज कशाचा येतो, काहीच ठाऊक नसतं. आणि जबाबदारी मात्र सगळी तिची.

१९६०च्या दशकापासून ही कथा तोंडी फिरत होती. वर मुलं झोपली आहेत, खाली फोन वाजतो, पलीकडचा माणूस विचारतो की मुलांना पाहून आलीस का? लोककथांचे अभ्यासक यान हॅरल्ड ब्रुनव्हांड यांनी १९८१ सालच्या आपल्या पुस्तकात शहरी दंतकथांमध्ये तिचीही दखल घेतली.

या दंतकथेच्या मुळाशी एक खरी घटना आहे, असं बरेच जण मानतात. मिझुरी राज्यातलं कोलंबिया हे गाव. १८ मार्च १९५०ची रात्र. तेरा वर्षांची एक मुलगी तीन वर्षांच्या मुलाला सांभाळत होती. पोलीस ठाण्यात फोन वाजला. पलीकडून किंकाळी, लवकर या अशी विनवणी, आणि फोन तुटला. तो कुठून आला होता, हे पोलिसांना शोधता आलं नाही. मुलीचा त्या रात्री खून झाला. लहान मुलगा सुखरूप होता. खुनी आजवर सापडलेला नाही.

इथे जरा थांबायला हवं. दंतकथेत फोन करतो तो मारेकरी. कोलंबियातला तो फोन त्या मुलीने केला होता, मदतीसाठी. लोकांनी गोष्ट सांगता सांगता तिच्या हातातला फोन काढून मारेकऱ्याच्या हातात दिला. या विषयावरचा कुठलाही सिनेमा पाहताना माझ्या मनातून ती मुलगी जात नाही.

[टेलिफोन एक्स्चेंज. छतापर्यंत रॅक, खटखट आवाज करणारे स्विच.]

आता फोनचा माग काढणं म्हणजे काय, ते पाहू. या गोष्टीचा सगळा ताण त्यावर उभा आहे.

जुन्या स्ट्रोजर पद्धतीच्या एक्स्चेंजमध्ये तुम्ही डायल फिरवली की प्रत्येक आकड्यागणिक एक यांत्रिक स्विच हलायचा. दांडी आकड्याइतक्या पायऱ्या वर चढायची, मग गोल फिरून पुढच्या स्विचला जाऊन भिडायची. असे स्विच एकामागून एक जोडले जात आणि बोलणं चालू असेपर्यंत ते तसेच अडकून राहत. फोन कुठून आलाय, याची नोंद कुठेही होत नसे. माग काढायचा तर तंत्रज्ञाने ज्याच्याकडे फोन आलाय त्याच्या लाइनपासून सुरुवात करायची. कुठला स्विच अडकलाय ते डोळ्यांनी पाहायचं, तिथली वायर मागच्या रॅकपर्यंत शोधत जायचं, तिथला स्विच पाहायचा, आणखी मागे जायचं. मध्ये दुसरं एक्स्चेंज आलं, तर तिथल्या माणसाला कळवून पुढचं काम त्याच्यावर सोपवायचं. आणि फोन करणाऱ्याने रिसीव्हर ठेवला की सगळे स्विच सुटून जागेवर परतत. माग संपला.

कॅनडात बनलेल्या 'ब्लॅक ख्रिसमस' या १९७४च्या चित्रपटात दिग्दर्शक बॉब क्लार्क यांनी हे नीट दाखवलंय. तंत्रज्ञ रॅकच्या रांगांमधून अक्षरशः पळतो, आणि मग कळतं की फोन त्याच घरातल्या दुसऱ्या लाइनवरून येतायत.

म्हणूनच पोलीस मुलीला सांगतात, त्याला बोलण्यात गुंतवून ठेव. विचार करा. जो आवाज ऐकून अंगाला कापरं भरतं, त्याच्याशीच तिने बोलत राहायचं. फोन ठेवून टाकणं ही तिच्या हातातली एकमेव सुटका, आणि तीच तिला करायची नाही. ज्यांच्या घरी ऐंशी-नव्वदच्या दशकात लँडलाइन होती आणि रात्री-बेरात्री ब्लँक कॉल यायचे, त्यांना या प्रसंगाची भीती वेगळी समजावून सांगावी लागणार नाही. घरातल्या बायकांनी रिसीव्हर काढून बाजूला ठेवलेला आपण पाहिलाय.

[१९७९च्या चित्रपटाचं पोस्टर.]

दिग्दर्शक फ्रेड वॉल्टन आणि त्यांचे सहलेखक स्टीव्ह फेके यांनी आधी १९७७ साली बेबीसिटरच्या या दंतकथेवर 'द सिटर' नावाचा लघुपट केला. पुढच्याच वर्षी 'हॅलोवीन' हा भयपट तुफान चालला, भयपटांना पैसा मिळू लागला आणि १९७९ साली त्या लघुपटाचा 'व्हेन अ स्ट्रेंजर कॉल्स' हा पूर्ण लांबीचा चित्रपट झाला. पहिली वीसेक मिनिटं म्हणजे तो लघुपटच, नव्याने चित्रित केलेला. कॅरल केन या जिल नावाच्या बेबीसिटरच्या भूमिकेत.

या वीस मिनिटांत रक्ताचा थेंब नाही. डॉक्टर मँड्राकिस आणि त्यांची बायको बाहेर निघताना जिलला सांगतात की मुलं आजारातून उठतायत, त्यांना उठवू नकोस. एवढंच साधं वाक्य. कुठलीही शहाणी मुलगी ते पाळेल. जिलही पाळते, जिना चढून वर जातच नाही. फोनवरचा माणूस विचारत राहतो, मुलांना पाहून आलीस का? आणि ती खालीच दारांच्या कड्या तपासत, दिवे मालवत फिरते. नंतर कळतं की मुलं काही तासांपूर्वीच मारली गेली होती. म्हणजे पहिला फोन वाजला, तेव्हा वाचवण्यासारखं काही उरलंच नव्हतं. मला हा सिनेमा ग्रेट वाटतो तो इथे. जिलची काहीच चूक नाही, आणि तरी हे ओझं तिला जन्मभर वाहायचंय.

[२००६च्या रिमेकमधलं काचेचं घर: तळ्याच्या काठी, रात्री आतून उजळलेलं.]

रिमेकचे दिग्दर्शक सायमन वेस्ट, लेखक जेक वेड वॉल. त्यांनी मूळ चित्रपटातला पुढचा भाग बाजूला ठेवला आणि त्या वीस मिनिटांचाच दीड तासाला जरा कमी असा सिनेमा केला. कॅमिला बेल यांची जिल शाळेच्या मैदानावर धावणारी, चपळ मुलगी. मोबाइलवर तिने ठरलेल्यापेक्षा ८०० मिनिटं जास्त बोलून ठेवलंय. बिल भरायचं म्हणून वडील तिला बेबीसिटिंगला पाठवतात, मोबाइल नसताना. पटकथेची ही युक्ती मला आवडते. २००६ साली मुलीला घरच्या फोनशी बांधून ठेवायचं तर काहीतरी कारण हवंच होतं आणि ते थेट त्या पिढीच्या बिलातून आलंय.

घराची निवडही विचारपूर्वक केलेली. भिंतींच्या जागी काचा. मधोमध झाडं, पक्षी आणि पाणी असलेलं बंदिस्त अंगण. माणूस खोलीत शिरला की दिवे आपोआप लागतात, त्यामुळे समोरच्या खोलीत दिवा लागला की तिथे कुणीतरी आहे. आत उजेड, बाहेर अंधार, म्हणजे बाहेरच्याला ती दिसते आणि तिला काचेत स्वतःचंच प्रतिबिंब. जुन्या चित्रपटाने आवाजाची भीती दाखवली, नव्याने कुणीतरी आपल्याला पाहतंय याची. ही कल्पना खरोखर चांगली आहे आणि समीक्षकांनी तिला न्याय दिला नाही, असं माझं प्रामाणिक मत आहे.

मारेकरी इथे दोन माणसांनी मिळून उभा केलाय. शरीर टॉमी फ्लॅनगन यांचं, फोनवरचा आवाज लान्स हेन्रिक्सन यांचा. १९७९च्या चित्रपटात आवाज आणि चेहरा दोन्ही टोनी बेकली यांचे होते.

पण फोनचं काय? पोलीस याही जिलला सांगतात की त्याला बोलण्यात गुंतव, आम्ही माग काढतो. २००६पर्यंत एक्स्चेंज डिजिटल झाली होती. अशा पद्धतीत फोन वाजतो तेव्हाच तो कुठून आला हे यंत्रणेला ठाऊक असतं. अमेरिकेत पहिलं मोठं इलेक्ट्रॉनिक एक्स्चेंज १९६५ सालीच न्यू जर्सीतल्या सक्कसन्ना इथे सुरू झालं होतं आणि ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस घरोघरी कॉलर आयडी येऊ लागला. बोलण्यात गुंतवण्यामागचं जे कारण होतं, ते यंत्रांबरोबर भंगारात गेलं होतं. रिमेकमध्ये फक्त त्याचा रिवाज उरला.

आणि दुसरा बदल त्याहून मोठा. रिमेकमधली मुलं वाचतात. अमेरिकेत पीजी-१३ प्रमाणपत्र (तेरा वर्षांखालच्या मुलांबाबत पालकांना सावध करणारं) मिळालेला, शाळकरी मुलींनी मैत्रिणींबरोबर पाहावा असा हा सिनेमा. जिल मुलांना शोधून बाहेर काढते, मारेकऱ्याशी झुंजते. पाहताना बरं वाटतं, मलाही वाटलं. पण फोनवरचा तो प्रश्न आता नुसती धमकी होतो. मुळात तो प्रश्न विचारणाऱ्याला उत्तर आधीच माहीत होतं, म्हणून तो इतका भयंकर होता.

[कॅरल केन यांचं छायाचित्र.]

१९७९च्या चित्रपटात सात वर्षं जातात. जिलचं लग्न झालंय, तिला स्वतःची दोन मुलं आहेत. एका संध्याकाळी ती नवऱ्याबरोबर जेवायला बाहेर पडते, मुलांपाशी बेबीसिटर ठेवून. हॉटेलात निरोप येतो, तुमच्यासाठी फोन आहे. ती रिसीव्हर उचलते आणि तोच प्रश्न ऐकू येतो. कॅरल केन यांच्या तोंडून जी किंकाळी फुटते, ती सात वर्षं आत दाबलेली आहे हे कळतं. रिमेकने शेवटी इस्पितळातलं एक दुःस्वप्न दाखवलं आणि तिथेच थांबला.

मूळ कलाकृतीचा पुढचा भाग वॉल्टन यांनीच १९९३ साली टीव्हीसाठी केला, 'व्हेन अ स्ट्रेंजर कॉल्स बॅक'. त्यात ज्युलिया नावाची दुसरी एक बेबीसिटर आहे. काही वर्षांनी कॉलेजात शिकताना तिला जाणवतं की कुणीतरी आपल्या घरात येऊन जातंय. पोलिसांना पटत नाही. त्याच कॉलेजात मुलींना मदत करायचं काम जिल करते, आणि ज्युलियाचं बोलणं ती शेवटपर्यंत ऐकून घेते. रिमेक पाहून झाला असेल, तर हा चित्रपट मिळवून पाहा. पण आधी १९७९ची ती पहिली वीस मिनिटं.