टाकीत थिनर ओतायच्या आधी

नमस्कार मंडळी. माझं नाशकात टू-व्हीलरचं छोटंसं गॅरेज आहे, आणि आज मी बोलणार आहे ते लोक घरातलं काय काय आणून पेट्रोलच्या टाकीत ओततात त्याबद्दल.

मागच्या पावसाळ्यात कॉलेजचा एक पोरगा स्कूटर ढकलत आला. काका, स्टार्टच होत नाही आणि पेट्रोलचा वास येतोय. बीएस-सिक्स गाडी, फार जुनी पण नाही. म्हटलं काय टाकलंस? काही नाही म्हणाला. फ्युएल पंप काढला तर त्याची ओ-रिंग, म्हणजे गळती रोखणारी रबराची गोल रिंग, खोबणीतून बाहेर आलेली, फुगून जिलेबीसारखी वेडीवाकडी. मग पोरगा बोलला. घराचं गेट रंगवलं होतं, थिनर उरलं होतं, कुठल्या तरी व्हिडिओत बघितलं की थिनरने इंजिन साफ होतं आणि ॲव्हरेज वाढतं, म्हणून टाकी रिझर्व्हला आली असताना अर्धा लिटर ओतलं. वर पेट्रोल थोडंसंच टाकलं, कारण पैसे वाचवायचे होते ना!

आता हे ॲव्हरेजचं प्रकरण नीट बघू. नेटवर फिरणारी रेसिपी म्हणजे ॲसिटोन, तेच नेलपेंट रिमूव्हरमधलं आणि बऱ्याच थिनरमधलं, दहा लिटरला साधारण पंचवीस मिली. म्हणजे टाकीत पाव टक्का. आणि ॲसिटोनमध्ये ताकद पेट्रोलपेक्षा कमी असते बरं का, लिटरमागे पेट्रोलच्या तीन चतुर्थांशाच्याही खाली. मग ॲव्हरेज वाढणार कुठून? ते म्हणतात पेट्रोल पूर्ण जळत नाही, ॲसिटोनने ते पूर्ण जळतं. अहो, धड ट्यूनिंगची गाडी असेल तर शंभरातलं पंच्याण्णवच्या वर पेट्रोल आजही जळतंच. तोटा होतो तो उष्णतेत, अर्ध्याहून जास्त ऊर्जा सायलेन्सरमधून आणि इंजिन तापण्यात निघून जाते, त्याला ॲसिटोन काय करणार.

पण काका, माझ्या मित्राला खरंच फरक पडला. पडतो ना, मी पण पाहिलाय. आधीची टाकी फुल केली साईड स्टँडवर, पुढची मेन स्टँडवर. पाच लिटरच्या टाकीत पाव-अर्धा लिटर इकडेतिकडे झालं की झाला पाच-दहा टक्क्यांचा फरक, आणि वर औषध टाकलंय म्हणून माणूस आठ दिवस ॲक्सिलरेटर पण जपून पिळतो.

आता रबराचं बघा, कारण खरी गोम तिथे आहे. पेट्रोलला टिकणारं नायट्राइल रबर ॲसिटोनमध्ये फुगतं. त्याहून भारी म्हणून इंजिनवाले व्हिटॉन वापरतात, ते पेट्रोलला, तेलाला एकदम दमदार, पण ॲसिटोनपुढे तेही टिकत नाही. ॲसिटोनला टिकणारं रबर आहे, ईपीडीएम, पण ते पेट्रोलमध्ये वाट लावून घेतं. म्हणजे दोघांनाही झेपेल असं स्वस्तातलं रबर नाहीच, आणि तुमच्या गाडीत रबराचं काय काय आहे, पाइप, सील, पंपाची रिंग, इंजेक्टरची रिंग. थिनर साफ करतं हे खरंय हो, पण त्याला कचरा कुठला आणि सील कुठलं हे कळत नाही. भेळीचा थर्माकोलचा कप घ्या, त्यात चमचाभर ॲसिटोन टाका, घराबाहेर आणि आगीपासून लांब हां, आणि बघा कप कसा बसतो ते.

डांबर गोळ्यांचंही तसंच. कार्ब्युरेटरच्या जमान्यात लोक टाकीत दोन गोळ्या टाकायचे, पिकअप येतो म्हणून. नॅफ्थलीन पेट्रोलमध्ये विरघळतं हे बरोबर, पण गाडी चार दिवस उभी राहिली, पेट्रोल उडालं की जेटमध्ये, म्हणजे कार्ब्युरेटरच्या बारीक भोकात, पांढरे खडे. सुईने काढलेत मी ते. आणि आता बाजारात मिळणाऱ्या सगळ्याच गोळ्या नॅफ्थलीनच्या नसतात, काहींमध्ये क्लोरीनवालं रसायन असतं, ते इंजिनात जळलं की ॲसिड होतं.

रॉकेल तर आपल्याकडे सगळ्यांना माहीत. ते टाकलं की ऑक्टेन, म्हणजे पेट्रोलची वेळेआधी न पेटण्याची ताकद, पडतो, चढावर इंजिन टकटक करतं, प्लग काळा. यामागे केवढा धंदा होता ते आम्हा नाशिककरांना सांगायला नको. 25 जानेवारी 2011 ला मनमाडजवळ पानेवाडीला मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना भेसळवाल्यांनी जिवंत जाळलं. सॉल्व्हंटसाठी, म्हणजे थिनरसारख्या द्रावकांसाठी, तर सरकारने 2000 सालीच वेगळा आदेश काढलाय, त्याच्या नावातच आहे की हे गाड्यांत वापरायला बंदी.

पेट्रोल पंपावर भेसळीची शंका आली तर फिल्टर पेपर मागा, तुमचा हक्क आहे, फुकट देतात. नोजल पुसून एक थेंब टाका, दोनेक मिनिटांत वाळून डाग राहिला नाही तर ठीक, डाग राहिला तर गडबड. पण एक लक्षात ठेवा, हे रॉकेल पकडतं, थिनरसारखं पटकन उडणारं काही असेल तर पेपर स्वच्छच दिसेल. तिथे घनता विचारायची, ती पंपवाल्याने दाखवायलाच हवी.

आणि ज्यांनी आधीच ओतलंय त्यांनी किक मारू नका, सेल्फ तर नाहीच. ढकलत आणा. टाकी उघड्यावर, थंड इंजिनावर रिकामी करायची, स्वयंपाकघरात नाही, कारण ॲसिटोनची वाफ हवेपेक्षा दुप्पट जड, जमिनीवरून सरपटत थेट गॅसच्या शेगडीपर्यंत जाते. आणि काढलेलं गटारात ओतायचं नाही.

त्या पोराचं बिल पंपासकट चांगलं मोठं झालं, त्याची आई शेजारी उभी राहून ऐकत होती, मी जरा कमी लावलं. रिंग मात्र मी ठेवून घेतली. गॅरेजात टूलबॉक्सच्या वरच्या फळीवर जॅमच्या बाटलीत आहे, शेजारी नवी रिंग. वाळल्यावर जुनी आकसून आणि कडक झालीय, आता खोबणीत बसतच नाही. बघायला या, चहा पाजतो.